राणीचा उघडा खांदा

विजयादशमी, संध्याकाळ

बाहुल्यांच्या फॅशन स्पर्धेसाठी आठच्या आत फोटो पाठवायचा होता. सासरच्या कानडी रीतीने दसऱ्याला मांडलेल्या गोंब्यांतल्या, म्हणजे बाहुल्यांतल्या, लाकडी राणीला मी माझ्याच शालूच्या पदराचा गाऊन शिवलाय. एक खांदा उघडा. सासूबाई नऊ दिवस हळदीकुंकू वाहताना त्या खांद्याकडे बघायच्या आणि पुढच्या बाहुलीकडे वळायच्या. मला वाटलं, पटलं असेल!

सहाला कॅमेरा घेऊन आले, तर राणी आडवी. अंगावर सासूबाईंचा रुमाल, बरोब्बर त्या खांद्यापर्यंत.

"अय्यो, आज गोंबे झोपवायची असते ना? झोपलेल्याला उठवू नये," मागून सासूबाई म्हणाल्या.

पण शेवटच्या दिवशी दरवर्षी राजाला झोपवतात. यंदा राणीच कशी? घरचे बाकी सगळे दसऱ्याची मिरवणूक बघायला बन्नीमंटपला गेलेले, साक्षीला कुणी नाही. रुमाल सरकवायला हात नेला की मागून खोकला. दोनदा नेला, दोनदा खोकला. शेवटी स्टुलावर चढून झोपलेल्या राणीचाच फोटो काढला. रुमालासकट. पाठवला.

आत्ताच संयोजक बाईंचा मेसेज आला: 'गाऊन ठीक. खांद्यावरच्या रुमालाची कल्पना अप्रतिम! डिझायनरचं नाव कळवा.'

सासूबाईंना वाचून दाखवला. चष्मा पुसत म्हणाल्या, "लिही की माझं नाव. गाऊन तुझा म्हणून खाली लिही हो, बारीक अक्षरात."