खांबांमध्ये उभी राहून

बॅनगल, व्हिक्टोरिया
२ सप्टेंबर १९८६

प्रिय नेव्ह,

माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन का केला नाही हे तुला सांगायची गरज नाही. इथे सगळे धडधाकट आहेत. तुझी जुनी कुत्री अजून आहे आणि अजून टपालवाल्याचा दुस्वास करते. गहू बरा आहे, सप्टेंबरात एक पाऊस पडला तर आणखी बरा होईल. आणि तुझा ब्रेंटन आता दारातून आत येताना मान वाकवतो. तू त्याला माझ्याकडे सोडून गेलास तेव्हा तो या टेबलाखालून उभ्या उभ्या जायचा.

एक गोष्ट कळली तर तू पोट धरून हसशील. मी आपल्या फुटबॉल क्लबची गोल-अंपायर झाले आहे. म्हाताऱ्या पर्सीचा गुडघा गेला, क्लबला आपला एक अंपायर द्यावाच लागतो, आणि मीटिंगमध्ये सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघत बसले. मी म्हटलं, द्या इकडे तो कोट. आता दर शनिवारी पांढरा कोट, पांढरी टोपी आणि दोन झेंडे घेऊन मी धान्याच्या सायलोकडच्या टोकाला उंच खांबांमध्ये उभी असते. पहिल्या शनिवारी कुंपणाला लावलेल्या गाड्यांमधून कुणीतरी ओरडलं, "ग्लेनिस, खाटकाचं दुकान काढलंस का गं?" मी ऐकून घेतलं. अंपायरला उत्तर देता येत नाही, ओरडता येत नाही, हळहळता येत नाही. जे झालं ते झेंड्याने सांगायचं, एवढंच काम. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती जड जात असेल याची तुला कल्पना आहे.

ब्रेंटनला यंदा मागे टाकलाय, फुल-बॅकला, आपले गोल राखायला. तुला आवडणार नाही, माहीत आहे. तू पुढे खेळायचास, बाबा पुढे खेळायचे, आपल्या घरात मागे खेळणं म्हणजे शिक्षाच. पण मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबचा माणूस गेल्या वर्षी त्याला बघून गेला, मिस्टर प्रायर नावाचा. त्याने आपल्या कोचला, लिंडसे हॅलोरनला, स्पष्ट सांगितलं की गोल मारणारी पोरं त्यांच्याकडे ढीगभर आहेत. उंच, निधडा, मागे खेळणारा हवाय. हा मागे उभा राहू शकला तर घेऊ, नाहीतर राम राम. तेव्हापासून पोराला दुसरं काही सुचत नाही. मेंढ्यांना चारा घालतानाही त्याच्या हातात चेंडू असतो.

तर मला त्याच्या पाठीमागून खेळ बघायला मिळतो. इतक्या जवळून तर लिंडसेलाही दिसत नाही. आणि नेव्ह, मी आत्या म्हणून सांगत नाही, त्याच्याकडे सगळं आहे. आपल्या माणसाला तो चिकटून राहतो पण धरत नाही. दोघे उडी मारणार असले की चेंडू पकडायच्या मोहात पडत नाही, मूठ मारून लांब काढतो. चेंडू डोक्यावरून मागे जात असला की मान वर करून गोलकडे वळून धावतो, पुढून कोण अंगावर येतंय याची पर्वा न करता. ही हिंमत शिकवून येत नाही. मी खांबांमध्ये दगडासारखा चेहरा करून उभी असते आणि कोटाच्या आत माझा ऊर भरून येतो.

पण एक गंमत होती. तुला आठवतं ना, संघ दर क्वार्टरला टोकं बदलतात, अंपायर मात्र जागा सोडत नाही. ब्रेंटन सायलोकडचे गोल राखत असला की भिंत. पलीकडचे, पाइनच्या झाडांकडचे गोल राखायला गेला की कुंपणाचा खुंट. एका क्वार्टरला राजा, पुढच्या क्वार्टरला गाढव, पुन्हा राजा, पुन्हा गाढव. अख्ख्या गावाने यावर डोकं चालवलं. पब म्हणाला वारा. कॅन्टीनमध्ये खिम्याच्या पेस्ट्री विकणाऱ्या बायका म्हणाल्या ऊन डोळ्यांवर येतं. लिंडसेने तर सामन्याआधी गवत उडवून वाऱ्याचा अंदाज घेणं सुरू केलं, आणि नाणेफेक जिंकल्यावर काय मागायचं यावर कप्तान मॅलशी त्याचं भांडण झालं. दुसऱ्यांच्या मैदानावर गेलो तरी तेच. वारा वेगळा, ऊन वेगळं, पण एक टोक चांगलं आणि एक वाईट. तरी वाऱ्याला सोडायला कुणी तयार नाही. आपल्या लोकांना वाऱ्यावर खापर फोडता आलं की पुढचा विचार करायचा कंटाळा येतो.

मला कळलं ते जुलैत. चेंडू त्याच्या डोक्यावरून आला, तो वळून माझ्या दिशेने धावत निघाला, आणि वर चेंडूकडे बघण्याआधी त्याने पटकन माझ्याकडे बघितलं. माझे डोळे त्याच्या डावीकडे होते, तिकडून त्यांचा एक दांडगा येत होता. ब्रेंटनने खांदा डावीकडे वळवला, धक्का अंगावर घेतला आणि चेंडू मुठीने बाहेर काढला. गाड्यांचे हॉर्न वाजले. मला वाटलं योगायोग. मग मी लक्ष ठेवलं. प्रत्येक वेळी, नेव्ह. प्रत्येक वेळी आधी तो माझ्याकडे बघत होता. मी कुठे बघते, कुठल्या पायावर भार देते, त्यावरून तो ओळखत होता की मागून कोण येतंय. भिंत तो नव्हता, आम्ही दोघं मिळून होतो. पलीकडच्या टोकाला दुसऱ्या क्लबचा अंपायर असतो. त्याचे डोळे वाचायची त्याला सवय नाही.

तू म्हणशील, त्यात काय, पोरगा हुशार आहे. पण मागे खेळणाऱ्याचं निम्मं काम कानांवर चालतं हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. डोळे चेंडूवर असतात, बाकीचं साथीदार ओरडून सांगतात. माझा! सोड! आला, आला, डावीकडून आला! दुपारभर ती पोरं घसा फोडत असतात. ज्याला हे सगळं मिळतंय त्याने आत्याच्या डोळ्यांत का बघावं?

मी माझ्या मनाला पटेल असं केलं. अंपायरने कुणाची बाजू घेऊ नये, म्हणून गेल्या शनिवारी टोपी पार भुवयांपर्यंत ओढली आणि नजर गोलच्या रेषेवर ठेवली. मिस्टर प्रायर त्याच दिवशी आला होता, मला माहीत नव्हतं. तिसऱ्या क्वार्टरला एक उंच चेंडू आला. ब्रेंटन वळून धावला, त्याने माझ्याकडे बघितलं, त्याला नुसती टोपी दिसली. मॅल समोरून येत ओरडत होता, "माझा! माझा! सोड, ब्रेंट!" पार कॅन्टीनपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. ब्रेंटन सरळ त्याच्यावर जाऊन आदळला. मॅलचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्याला उचलून नेताना तो कण्हत म्हणाला, "बहिरा आहेस का रे गाढवा?" सगळे हसले. ब्रेंटनही हसला. चेंडू मात्र खांबांमधून आत गेला होता, म्हणून मी गोलचे दोन्ही झेंडे हलवले.

सामना संपल्यावर मिस्टर प्रायर चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. सभ्य माणूस आहे. म्हणाला, "बाई, तुम्ही त्याच्या पाठीशी उभ्या असता. खरं सांगा, मागे चालेल का हा पोरगा? अर्धा वेळ वाटतं याच्यासारखा दुसरा नाही, अर्धा वेळ वाटतं याला कुणी सांगितलेलं कळतच नाही." मी त्याला विचारलं, साखर किती. तो म्हणाला, या शनिवारी सेमीफायनल बघून ठरवतो, तोवर तुम्हीही विचार करा. मी त्याला केकचा तुकडा दिला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून उभी राहिले.

रविवारी दुपारी मी तो कोट धुवायला घेतला होता. ब्रेंटन आला, पाणी ओतून दिलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, शनिवारी टोपी नको घालूस." बस, एवढंच. मी कोट टाकून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, कधीपासून? म्हणाला, डाव्या कानाने दोन हिवाळ्यांपासून काही नाही, उजवाही आता जायला लागलाय. "धरणात पोहून पाणी गेलंय गं, निघेल." डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो सीझन संपू दे. मी म्हटलं, अरे, मेलबर्नला मी नसेन. तर हसून म्हणतो, "तिथेही कुणीतरी असेलच ना खांबांमध्ये. बाकीच्यांना ओरडणारे असतात, मी बघणारा शोधीन." मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही, कोट पिळत बसले.

मॅलचं हाड जुळेल. पण तिथे, त्या मोठ्या पोरांमध्ये, मागून न दिसलेला, न ऐकू आलेला एखादा येईल आणि याची मान मोडेल, नाहीतर हा कुणाची तरी मोडेल. मी बोलले तर त्याचा खेळ संपला, आणि मी संपवला. गप्प बसले तर रोज पेपर उघडायची भीती. लिंडसेला सांगू? तो गाव गोळा करील. म्हणून दोन दिवस मी नुसती भांडी घासतेय, घासलेलीच पुन्हा घासतेय.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. बाबांचे कान गेले तेव्हा आपण म्हटलं, कापणीच्या यंत्राच्या आवाजाने गेले. तुझे गेले तेव्हा तू म्हणालास बंदुकीने. आता धरणाचं पाणी. तू खेळ सोडलास, पोराच्या आईला, मॅग्गीला, मातीत ठेवून आल्यावर गावही सोडलंस, आणि मला शपथ घातलीस की तुझ्या कानांचं पोराला कळता कामा नये, त्याने बापाची कीव करू नये. मी इतकी वर्षं पाळली. पण गेल्या नाताळात त्याने तुझ्या मुक्कामावर फोन लावला होता, हे तुला ठाऊक आहे का? तू आलास, "कोण? कोण बोलतंय?" म्हणालास, पुन्हा म्हणालास, आणि ठेवून दिलास. तो स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "मी माझं नाव सांगितलं, आत्या. नाव ऐकून त्यांनी फोन ठेवला." त्यानंतर त्याने तुझं नाव काढलेलं नाही. मी तेव्हाही टेबल पुसत राहिले, कारण शपथ होती. मला ती आता झेपत नाही. शुक्रवारची गाडी धर आणि ये. त्याच्यासमोर बस, तो तुझे ओठ वाचेल, तू त्याचे वाच, तुम्हा दोघांना ते चांगलं जमतं. खेळावं की सोडावं हे तूच सांग, तुझं तो ऐकेल, मीही ऐकेन. आणि येणार नसशील, तर निदान एका ओळीचं उत्तर धाड. शनिवारी चेंडू उंच येईल, तुझा पोरगा माझ्याकडे धावत येईल आणि माझ्या डोळ्यांत बघेल. तेव्हा मी कुठे बघू, तेवढं कळव.

तुझीच,
ग्लेनिस