दोन चौकटी

असोदा
दि. २७ जानेवारी १९९२

चि. पितांबर यास,
आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, सकाळी उठतो. यंदा थंडीनं केळीची पानं पिवळी करून टाकली. वांगी मात्र अशी आली की भरीत खाऊन खाऊन गावाचं पोट सुटलं. तुझी आई गुडघ्यांना तेल चोळते आणि मला शिव्या देते. गुडघे काही ऐकत नाहीत, मीही ऐकत नाही.

अक्षर ओळखलंस ना? घाबरू नकोस. पैसे मागायला लिहिलेलं नाही आणि तुला बोलवायलाही नाही.

परवा जळगावला गेलो होतो. बेबाला एक भेट द्यायची होती. साडीचोळी तिच्या माहेरचे करणार, भांडी झाली, म्हणून म्हटलं फोटोची चौकट द्यावी. नव्या घरात भिंतीवर आपल्या हातचं काहीतरी असावं. दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत महावीर शेठचं चौकटींचं दुकान आहे, तिथं जाऊन बसलो. त्यानं आधी काय काढलं असेल? चारी बाजूंनी बारीक लाल-हिरवे दिवे लावलेली चौकट! बटण दाबलं की लुकलुक करते. म्हणे, "आबाजी, एकदम नवा माल, लग्नात हीच चालते." मी म्हटलं, शेठ, फोटो लावायचाय, तमाशाचा फड नाही. मग त्यानं हंसांची दाखवली, मोरांची दाखवली. शेवटी साधी सागवानी पसंत केली, सोनेरी कड असलेली. काच वाजवून पाहिली. तुला ठाऊक आहे, मी मडकंसुद्धा वाजवल्याशिवाय घेत नाही.

मग त्यानं विचारलं, "आबाजी, फोटो सादा आहे का हाराचा?" हाराच्या चौकटीला वर दोन खिळे जास्तीचे लागतात, म्हणून तो सगळ्यांनाच विचारतो.

मी म्हटलं, दोन चौकटी पाहिजेत. एक सादी, एक हाराची.

आता लपवून काय उपयोग! बेबाचा काल पाट लागला. धुळ्याचे भाईदास म्हणून आहेत, एस.टी.च्या वर्कशॉपला मेकॅनिक. पहिली बायको बाळंतपणात गेली. माणूस शांत आहे, तंबाखूदेखील खात नाही. तू गेलास तेव्हा बेबाच्या हातावरची मेंदी पुरती उतरली नव्हती. त्यानंतर तिनं आमच्या घरात सून म्हणून जी वर्षं काढली, ती मी या पत्रात मोजत बसत नाही. माहेरी जा म्हटलं तर म्हणायची, आबा, तिथं मी कोण म्हणून राहू?

स्थळ दिवाळीच्या आधीच आलं होतं. भाईदासची आत्या बघायला आली, पोरगी तिला आवडली. पण नवरा सोडून गेलाय हे कळल्यावर चहाचा कप तसाच खाली ठेवून म्हणाली, "टाकेल बाई आम्हले नको. नवरा मरेल व्हता ते चालतं." विधवा चालते, टाकलेली नाही. बघ, दुनियेचा न्याय! नवरा मेला तर बाईचं नशीब खोटं, नवरा पळाला तर बाईच खोटी. मी खूप बोललो. तिनं पदर सावरला आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात रुपचंद घरी आला. माझ्या बहिणीचा रुपचंद, केळीची ट्रक घेऊन सुरतेला जातो तो. त्यानं तुला तिथं सुरतेजवळ, उधन्याला पाहिलं होतं.

मी आलो होतो, पितांबर. तुझ्या दारासमोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसलो होतो. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून तू पाहिलंस तरी ओळखलं नसशील. तू कारखान्यातून सुटून आलास. दारात एक बाई उभी होती, तिनं पोरगी तुझ्या कडेवर दिली. पोरीनं तुझा कान ओढला आणि तू हसलास. लहानपणी हसायचास तसंच, एका गालानं. मी तुला घरी न्यायला आलो होतो. शर्टाला धरून ओढत न्यायचं असं ठरवून आलो होतो. हाक ओठांवर आली आणि मनात आलं, हा माझ्याबरोबर आला तर आणखी एक टाकलेली होईल, आणि तिच्या पदरात तर पोर आहे. चहा तसाच ठेवून मी उठलो.

घरी आलो. तुझी आई सूप घेऊन ओट्यावर बसली होती. मी सांगितलं, पितांबर गेला. तापानं गेला. रुपचंदनं मला तिथं नेलं तेव्हा त्याची शेवटची घटका होती, मीच अग्नी दिला.

ती रडली नाही आधी. तिनं विचारलं, "कोनी पानी तरी पाजलं का हो त्याले?" मी म्हटलं, मी पाजलं.

आजवर एवढं मोठं खोटं मी बोललो नव्हतो. बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचीच आता भीती वाटते. तुझी आई इतकी वर्षं रोज एक भाकर जास्तीची थापायची, तू अवेळी आलास तर असावी म्हणून. आता थापत नाही. तव्यावरची शेवटची भाकर उतरली की थोडा वेळ नुसतीच चुलीसमोर बसते. तिला खरं सांगावं असं रोज वाटतं. सांगितलं तर ती उघड्या पायांनी सुरतेचा रस्ता धरेल आणि गावभर ओरडत जाईल. म्हणून सांगत नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर आत्या पुन्हा आली. चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "पोऱ्याना फोटो कोठे शे?" म्हणून ती दुसरी चौकट.

तुझा फोटो घरात एकच, लग्नातला, दोघांचा. महावीरनं कात्रीनं मधोमध कापला. तरी तुझ्या कोपराशी तिच्या शालूचा काठ राहिलाच. त्यानं दोन्ही चौकटी एकाच कागदात बांधल्या आणि मी त्या मांडीवर ठेवून एस.टी.नं घरी आणल्या.

भिंतीवर फोटो टांगला आणि बेबाच्या हातात हार दिला. तिनं घेतला नाही. हळूच म्हणाली, "माह्या हातून नाही व्हनार, आबा. ते जिते आहेत."

मी विचारलं, रुपचंद बोलला का?

"नाही. तुम्ही सुरतेहून आले तव्हा न्हायले नाही. तसेच घरात आले आन् माठातलं पानी पिले."

खरंच रे! प्रेताला अग्नी देऊन आलेला माणूस अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडतो का? मी खोटं सगळं रचलं आणि आंघोळ विसरलो. त्या दिवशी शेजारच्या बाया जमायच्या आत तिनंच अंगणात बादली आणून ठेवली होती, "आबा, पानी काढलं" म्हणून ओरडली होती. मला वाटलं, पोर किती काळजी घेते. ती मला झाकत होती. सगळं कळूनही तिनं दुसऱ्या दिवशी बायांसमोर हात पुढे केले आणि बांगड्या फोडू दिल्या.

हार मीच घातला. स्वतःच्या जित्या मुलाच्या फोटोला. हात कापले नाहीत, हेही तुला सांगून ठेवतो.

सादी चौकट ती धुळ्याला घेऊन गेली. लेकीला रिकामं भांडं देत नाहीत, म्हणून मी काचेमागे गव्हाचे चार दाणे ठेवले. फोटोतला तिचा अर्धा भाग तिनं मागून घेतला आणि निघायच्या आधी चुलीत टाकला. जाताना तुझ्या आईच्या गळ्यात पडून इतकी रडली की भाईदासही तोंड फिरवून उभा राहिला. घर आता खायला उठतं. भिंतीवर तू असतोस, तुझ्याकडे बघवत नाही.

हे नीट वाच. असोद्याला येऊ नकोस. कधीच नाही. तू गावात पाऊल ठेवलंस तर धुळ्याचे लोक बेबाला त्याच दिवशी परत आणून सोडतील, आणि तुझ्या आईला कळेल की मी तिला काय करायला लावलं. पत्राला उत्तरही लिहू नकोस. त्या पोरीला मात्र टाकू नकोस. तिच्या आईलाही.

वर सवयीनं चि. लिहून गेलो. खोडलं नाही.

पुढेमागे मी गेल्याचं रुपचंदकडून कळेल. तेव्हाही येऊ नकोस. खांदा द्यायला भाऊबंद आहेत, अग्नी कुणीतरी देईल. तू तिथंच, उधन्याला, एक बादली अंगावर घे. पोरगी विचारेल, बाबा, आत्ता का न्हालात? तिला काही सांगू नकोस. पण न्हायला विसरू नकोस.

तुझा
आबा