आमच्याकडून एक दरसान

आबा, रविवारी तुमच्या नातीला बघायला माणसं येऊन गेली. आपल्याच हॉटेलात, फॅमिली रूममध्ये. मुलगा पनवेलला बँकेत आहे, माणसं पेणकडची, बोलायला बरी. संध्याकाळी त्यांचा फोन आला की मुलगी पसंत आहे, तुमचं गुरुवारपर्यंत कळवा. आज बुधवार. पोरीनं मला सांगून टाकलंय, "आई, तू हो कळव," आणि तो हो कशावर उभा आहे ते मला माहीत आहे, तिला नाही. दुपारचे साडेतीन वाजलेत, हॉटेल सहापर्यंत बंद आहे. आठवड्यातून तीन दिवस मी खालापूरहून येऊन धाकट्या भावाच्या मदतीला तुमच्या गल्ल्यावर बसते. ऑर्डरी लिहायच्या वहीत हे लिहितेय. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा पोचवायची घाई नाही.

हॉटेल तुम्ही ओळखणार नाही. धाकट्यानं लाल कंदील काढून टाकले, भिंतीवर बांबू रंगवून घेतले आणि पाटीवर चायनीजच्या जोडीला थाई, कोरियन असं काय काय लिहिलंय. आत कढईत तोच कोबी आणि तोच सोया सॉस. गोडात आता तापलेल्या तव्यावरची ब्राउनी असते, वर चॉकलेट ओतलं की धूर निघतो आणि टेबलावरचे सगळे मोबाइल काढतात. पळसदरीच्या धरणावर आलेली मुंबईची पोरं तेवढ्यासाठी इथे कर्जतला, आपल्या दहिवलीत थांबतात. तुमचं दरसान कार्डावर सगळ्यात खाली अजून आहे. मैद्याच्या पातळ पट्ट्या तळायच्या, मध घातलेल्या पाकात घोळवायच्या, वर तीळ आणि शेजारी व्हॅनिलाचा गोळा. डोंगरातली ठाकर माणसं मध घेऊन यायची, तो तुम्ही पाकात चमचाभरच घालायचात आणि कार्डावर मात्र ऐटीत 'हनी नूडल्स' छापायचात. आता दिवसाला एखादंच जातं, तेही कुणी म्हातारं माणूस मागतं.

कांदेपोह्यांचे कार्यक्रम घरातून उठून आपल्या फॅमिली रूममध्ये आले ते तुमच्या डोळ्यांदेखत. कुणाचं घर केवढं, पंखा चालतो की नाही, हे दाखवायला नको. सूप, एक हक्का, एक फ्राइड राइस, दोन्ही बाजूंना झेपणारं. मुलगी सुपात चमचा ढवळत बसलेली, मुलगा टिश्यू पेपरच्या घड्या घालतोय. तुम्ही गल्ल्यावरून सगळं बघायचात. आणि तुमचा एक नियम होता, बघण्याच्या टेबलाला गोड विचारायचं नाही. बाकी कुणालाही आग्रह करून खायला घाला, पण या टेबलाला नाही. कारण गोड आलं म्हणजे तोंड गोड झालं, आणि तोंड गोड झालं की शब्द दिला गेला. ज्यांचं जमलं ते आपणहून मागवतात. ज्यांचं नाही ते बडीशेप तोंडात टाकून उठतात, कुणी कुणाला नाही म्हणत नाही आणि दोघांचीही अब्रू राहते.

हा नियम मी मार खाल्ल्यासारखी शिकले. दहावीचे पेपर संपवून मी तुमच्या हाताखाली पाण्याचे ग्लास बघायला उभी आहे. आत सात माणसं, सगळी गप्प. मला वाटतं आपण जरा रंगत आणू. मी जाऊन विचारते, "गोड काय आणू?" मुलीचा बाप दचकतो. नको म्हटलं तर आपल्याकडूनच मोडल्यासारखं, म्हणून म्हणतो, "आण बाई." प्लेट येते. मुलाकडचे एकमेकांकडे बघतात, कुणी हात लावत नाही. आइस्क्रीम वितळून पट्ट्यांखाली पसरतं आणि ती मुलगी, जाड चष्म्याची, मान खाली घालून त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहते. ती माणसं गेल्यावर तुम्ही मला मागे भट्टीपाशी बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "दुसऱ्याच्या तोंडात गोड आपण नाय घालायचं गं," म्हणालात. "त्यांचं त्यांना मागू दे. नाय मागितलं तर तेबी त्यांचंच हाय." त्या दिवशी तुम्ही मला पुन्हा बाहेर पाठवलं नाहीत, आणि मी कोबी चिरत चिरत रडले.

एवढं कळणाऱ्या माणसानं माझ्या वेळी काय केलं ते आता मी तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला ते कधी कुणी सांगितलंच नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मुलगा रसायनीच्या एका कंपनीत केमिस्ट, कायम नोकरी, राहायला क्वार्टर. त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये तुम्ही अकरा वर्षं कंत्राटावर भाज्या चिरल्या होत्या आणि मुलाचे वडील कंपनीत सुपरवायझर होते. ज्यांच्या ताटात तुम्ही वाढलंत ते आज तुमच्या टेबलाला बसून तुमची पोरगी बघत होते. तुमच्यानं राहवलं नाही. कढईवरच्या माणसाला बाजूला करून पट्ट्या तुम्ही स्वतः तळल्यात. सुपाचे बाऊल उचलले जातायत तोच नवा शर्ट घालून, सगळ्यात मोठी प्लेट घेऊन आत आलात. "आमच्याकडून एक दरसान," म्हणालात आणि मधोमध ठेवलीत. त्या प्लेटला वेळ नसतो, आबा. गोळा वितळायला लागतो, पट्ट्या मऊ पडतात, कुणालातरी चमचा उचलावाच लागतो. मुलाच्या आईनं उचलला. "घ्या, तोंड गोड करा," म्हणत पहिला घास माझ्या तोंडात, दुसरा मुलाच्या. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला तो आवडला का हे कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. काहीच वाटलं नव्हतं, एवढं आठवतं.

तुमचे जावई वाईट नाहीत. कधी हात उगारला नाही, दारू नाही, कामावरून थेट घरी. लोकांना सांगण्यासारखं दुःख माझ्याकडे नाही, हीच तर पंचाईत. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर एकदा क्वार्टरच्या गच्चीवर कुरडया उचलताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले की त्या दिवशी ते घरच्यांचं मन राखायला आले होते. घरी जाऊन नको म्हणणार होते. चौक गावची एक मुलगी त्यांच्या मनात होती. "तुझ्या वडिलांनी प्लेट आणली. स्वतः तळलेली. मग काय बोलणार?" रागानं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. मी परात घेऊन खाली आले आणि कुकर लावला. दोघांनाही नको असलेलं लग्न आम्ही भिडेपोटी केलं आणि भिडेपोटीच चालवत आलो. आम्ही एकमेकांशी फार नीट वागतो, आबा. पाहुण्यांशी वागतात तसं.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगायला निघाले. चौकला गाडी बदलून कर्जतला आले, वाटेत वाक्यं जुळवत. तुम्ही मला मागे स्टुलावर बसवलंत, माझ्यापुरते नूडल्स केलेत, मिरची कमी घातलीत आणि झारा चालवता चालवता विचारलंत, "सुखात हायस ना गं?"

"हाय," मी म्हटलं.

"मंग झालं. आमी आयुष्यात एकच काम धड केलं बघ."

मी नूडल्स संपवले आणि परतीची गाडी धरली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. चेहऱ्यावर किती समाधान होतं, असं सगळे म्हणत होते. मला तुमचा राग येतो तो त्या प्लेटचा कमी, या समाधानाचा जास्त. आणि ते तुम्हाला मीच दिलेलं, म्हणजे रागावायचीही सोय नाही.

म्हणून रविवारी मी धाकट्याला आधीच दरडावून ठेवलं. "आत गोड न्यायचं नाय. ब्राउनी नाय, दरसान नाय, फुकटचं आइस्क्रीमबी नाय." तो म्हणाला, "ताई, मामा हाय मी तिचा. बरं दिसंल का?" म्हटलं, "दिसू दे वाईट." सूप, मोमो, राइस आणि बडीशेप. जाताना मुलाची आई जराशी खट्टू दिसली, पण कुणी कुणाला अडकवलं नाही. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट आपण सरळ केली. पोरगी मोकळी आहे, तिचं ती ठरवेल. परतीच्या रिक्षात मी चक्क गुणगुणत होते.

घरी आल्यावर, फोन येऊन गेल्यानंतर, ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आई, मला ना काहीच नाही वाटलं गं. वाईट नाहीये तो. पण काहीच नाही." मी भांडी विसळत होते. मग तिनं विचारलं, "तुला बाबांना पहिल्यांदा बघून काही वाटलं होतं?" बाहेरच्या खोलीत तुमचे जावई बातम्या बघत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. खरं उत्तर चार शब्दांचं होतं. पण ते दिलं असतं तर चोवीस वर्षांच्या मुलीला सांगितल्यासारखं झालं असतं की तू अशा घरात जन्मलीस जिथं दोघांपैकी कुणालाच यायचं नव्हतं. शिवाय बाहेर ते ऐकत होते. त्यांना ते ठाऊकच होतं, तरी माझ्या तोंडून त्यांच्या कानावर पडायला नको होतं. मी म्हणाले, "तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. नंतर वाटायला लागलं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच?"

"खरंच."

"मग ठीकाय," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मग तू हो कळव." बाहेर टीव्हीचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. ते काही बोलायला आत आले नाहीत, आणि त्यांनी यावं म्हणून मी वाटही पाहिली नाही.

आता सहा वाजत आलेत, धाकटा शटर उघडायला येईल. ही पानं घरी नेता येणार नाहीत, ती वाचेल. फाडून शेगडीत घालीन. आबा, नंतर कधीच वाटलं नाही. एवढंच तिला सांगायला माझ्याकडे अजून उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, आणि मी सांगणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे.