रस्त्याकडची भिंत

लिहून ठेवणार : धुळाजी सटवा शिंगाडे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा मेंढपाळी, राहणार येळंबमाळ, तालुका पाटोदा, जिल्हा बीड.

कारणे लिहून ठेवतो की, माझं डोकं ठिकाणावर आहे. तालुक्याच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी परीक्षा म्हणून आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि न विचारता इराणची राजधानीही सांगितली. कोणाच्या धाकाने, भरीस घातल्याने किंवा नशेत मी हे लिहीत नाही. धाक घालून पाहणारे झाले, त्यांची गोष्ट कलम चारमध्ये येईल. बीडच्या वकिलांनी छापील नमुन्यावरून मसुदा करून दिला होता. त्यात भिंतीबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून तो परत केला आणि हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे. अक्षर थरथरतं, मजकूर थरथरत नाही.

कलम १. राहतं घर, मागचं अंगण आणि भांडीकुंडी माझी पत्नी सत्यभामा हिला. घर मेंढ्या विकून बांधलं असं मी जन्मभर सांगत आलो. मेंढ्या मी विकल्या, पण खदानीतून दगड तिने डोक्यावर आणले, तेव्हा हे देणं नसून परत करणं आहे. मृत्युपत्र करतो म्हटल्यावर ती म्हणाली, "मरायचं तवा मरा, पर आधी वट्यावरची खडूची भुकटी झाडा. चाळीस वर्सं माज्या उंबऱ्यात पांढरं पीठ हाय." भुकटी झाडली आहे.

कलम २. माळावरची दोन एकर जमीन माझा मुलगा जीवन याला. उरलेल्या बावीस मेंढ्या सत्यभामेच्या. लोकर मात्र कोणाच्या नावाने लिहू हा प्रश्न आहे, कारण कातरलेली लोकर आता फुकट दिली तरी कोणी नेत नाही, बांधावर टाकून द्यावी लागते. बाहेरच्या मऊ लोकरीपुढे आमची राठ लोकर हरली. "धुळाजी, जगाचा आन् तुजा काय संबंध बे?" असं मला पारावर विचारणारे पुष्कळ भेटले. माझी मेंढी ऑस्ट्रेलियाच्या मेंढीशी भांडते आहे, हा संबंध.

कलम ३. रेडिओ, चामडी पाकिटासह, सत्यभामेलाच. तिला भजनं ऐकता येतील, माझ्या हयातीत तिला ती मिळाली नाहीत. याशिवाय मी वेगवेगळ्या देशांच्या दिल्लीतल्या वकिलातींना एकूण बावीस पोस्टकार्डं पाठवली. कापसाबद्दल, तेलाबद्दल, आणि लहान मुलांवर बॉम्ब टाकण्याबद्दल. एकाचंही उत्तर आलेलं नाही. ही उत्तरं माझं येणं आहे असं मी धरतो. ती वारसांनी मागत राहावीत, मुदत संपली असं कोणी सांगितलं तर ऐकू नये.

कलम ४. दर्शनी भिंत, लांबी अठरा फूट, एसटी थांब्यासमोरची, आणि तिच्यापुढचा ओटा. खरं तर हा सगळा कागद या कलमासाठीच आहे.

या भिंतीवर मी चाळीस वर्षं जगाची बातमी लिहिली. रेडिओचे संपलेले सेल फोडायचे, आतली काळी पूड डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि दर दिवाळीला भिंत काळी करायची. ज्या सेलने बातमी ऐकवली त्याच सेलवर ती लिहायची. गाडीची वाट पाहणारा माणूस वाचतो, कारण त्याला दुसरं काम नसतं.

हे वेड का लागलं ते लिहून ठेवतो. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. मेंढरं मेली, पेव रिकामं झालं आणि सरकारी दुकानात लाल मिलो आली. ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती, पण तिनेच जगवलं. मी आईला विचारलं, "ही कुठली जवारी?" ती म्हणाली, "अमेरिकेची हाय म्हनं." मी विचारलं, "ते आपले कोन?" त्या प्रश्नाच्या मागे मी रेडिओपर्यंत पोचलो. म्हणून गाझातली मुलं उपाशी आहेत असं मी लिहिलं आणि "ती तुजी कोन लागत्यात?" असं एकाने विचारलं, तेव्हा मला राग आला नाही. मी त्याच्या बापालाही मिलो खाताना पाहिलं आहे.

लढायांबद्दल माझं मत एकच आहे आणि ते मेंढपाळाचं आहे. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले आणि एका कोकरावर दोघांनी हक्क सांगितला, तर आमच्यात रीत अशी की, आधी दोघांनी काठ्या जमिनीवर ठेवायच्या. मग कोकरू मधे सोडायचं. ते ज्या मेंढीला जाऊन लुचेल त्या कळपाचं. मोठमोठ्या देशांच्या तहांच्या बातम्या मी या भिंतीवर लिहिल्या. सगळ्यांना कोकराबद्दल बोलायचं असतं, काठी कोणी खाली ठेवत नाही.

आता धाकाची गोष्ट. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने मला कागद दिला की भिंत सार्वजनिक रस्त्यावर आहे आणि तिच्यावरून अफवा पसरतात. मी मोजणी करून घेतली. भिंत माझ्याच हद्दीत आहे, उलट वीतभर आतच. नकाशा जोडला आहे. अफवेचं उत्तर कलम पाचमध्ये देतो.

मग यंदा श्रावणात एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. त्याचे कार्यकर्ते पांढऱ्या रंगाची बादली घेऊन आले, भिंतीवर त्याचा चेहरा काढायला. बादली माझ्या मुलाच्या, जीवनच्या हातात होती. तो म्हणाला, "आबा, जगाचं काय घिऊन बसलाव? शेजारच्या अजिनाथ काकाला ह्याच भित्ताडानं बुडीवलं. गावात तोंड दाखवाया जागा न्हाई मला." मी ओट्यावर बसलो होतो. भिंतीशी माझी सून योगिता लिहीत होती. माझा हात कापायला लागल्यापासून दोन वर्षं तीच लिहिते, मोबाइलवर दोन ठिकाणी ताडून पाहून. तिने मागे वळून पाहिलंही नाही. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, थांबा." ती म्हणाली, "कावून थांबू? वाक्य अर्धं हाय." अमेरिकेने आपल्या मालावर कर लावला आणि आपल्याकडे बाहेरच्या कापसावरचा कर उठला, असं ते वाक्य होतं. थांब्यावर कापूस पिकवणारी माणसं बसलेली होती, ती उठून जवळ आली आणि वाचू लागली. तेवढ्या माणसांना बाजूला सारून रंग कसा लावणार. बादली परत गेली.

तरी ही भिंत आणि ओटा मी माझी सून योगिता जीवन शिंगाडे हिला देतो. तिने तिथे रोज लिहावं, लिहायचं नसेल त्या दिवशी कोरी ठेवावी. कोणत्याही पक्षाच्या, जातीच्या, सिमेंटच्या किंवा गुटख्याच्या मालकाला ती देऊ नये. मृत्युपत्रात मुलावर राग नाही असं लिहायची पद्धत आहे. माझा राग आहे. जमीन त्याला दिली ती तो माझा मुलगा म्हणून, आणि भिंत दिली नाही तीही त्याच कारणाने. तो पुढाऱ्याला नाही म्हणू शकत नाही, हे बापाला माहीत असतं.

कलम ५. अजिनाथ दादाराव नागरगोजे याची माफी मागतो. तो माझा शेजारी. त्याच्या रानात माझी मेंढरं तीस वर्षं खतासाठी बसली. २०२२ साली युक्रेनची लढाई पेटली तेव्हा मी भिंतभर लिहिलं की सूर्यफुलाचं तेल अडकलं, तेलबियांना भाव येणार. अजिनाथने सोयाबीन घरात ठेवलं. पुढे इंडोनेशियाने अडवून ठेवलेलं पामतेल सोडलं, आपल्याकडेही बाहेरचं तेल आलं, भाव पडला. ती बातमीही मी त्याच दिवशी लिहिली. पण कुठे लिहिली? खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. आधीचं भाकीत मोठ्या अक्षरांत चुकलं होतं आणि ते तेवढ्याच अक्षरांत कबूल करायची मला लाज वाटली. तेव्हापासून अजिनाथ माझ्याशी बोलत नाही, आणि गावात भिंतीविरुद्ध तेवढा एकच पुरावा आहे. तो खरा आहे. पंचायतीपुढे मी झुकलो नाही, अजिनाथपुढे झुकतो. अजिनाथ, माझं चुकलं.

वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. त्याची माफी मागता येते का ते मी विचारलं नाही. साक्षीदाराची पहिली जागा त्याच्यासाठी ठेवली आहे. निरोप सत्यभामेबरोबर पाठवला आहे. तो आला नाही तर जागा रिकामी दिसेल आणि दुसरा कोणीही पुरेल.

कलम ६. मी जाईन त्या दिवशी भिंतीवर माझं नाव लिहायचं नाही. जगात जे घडलं असेल ते लिहायचं. खडू नवा घ्यायचा.

यापूर्वीचं कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वरचं सगळं वाचून, कळून सही करतो.

धुळाजी सटवा शिंगाडे
येळंबमाळ, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार २ : सरस्वतीबाई माऊली गर्जे, निवृत्त अंगणवाडी सेविका, येळंबमाळ. धुळाजींनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार १ : अजिनाथ दादाराव नागरगोजे, शेती, येळंबमाळ. धुळाजीने माझ्यासमोर सही केली. कागद त्याने मला ओट्यावर बसवून वाचून दाखवला. कलम पाच बरोबर नाही. भाव चढत होता, मला हाव सुटली, म्हणून मी सोयाबीन ठेवलं. भाव पडल्यावर लोक विचारायला लागले, तेव्हा भिंतीचं नाव सांगितलं. खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं मी त्याच दिवशी वाचली होती. योगिताने हे उद्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावं, माझी हरकत नाही.