आठ बुरुज आणि एक सुळका

पनवेल,
२ डिसेंबर २०१२

चि. सौ. जोकबेद हिला एलिएझरदादाचा शालोम आणि ओंजळभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. तू, शिमशोनराव आणि पोरंबाळं तिकडे इस्रायलात, अश्दोदला सुखरूप असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? (शेकत नसशीलच. औषधं दुसऱ्याला द्यायचा नाद तुला लहानपणापासून.) फोन सोडून पत्र लिहितोय याचं नवल करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हं’ म्हणतो. आजचा विषय असा आहे की तू गप्प बसून ऐकायला हवंस.

सप्टेंबरात, नव्याच्या सणाला (आपल्या नव्या वर्षाला) तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. जुलैत तो झटका येऊन गेल्यापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट माझं ऐकत नाहीत, हे कबूल. पण म्हणून घर विकून तुझ्या गच्चीवरच्या खोलीत येऊन बसायचं? ज्या गावात मला भाजीवाल्याशी भांडतासुद्धा येणार नाही? मग तू अट घातलीस : इकडे येणाऱ्या डॅनियलबरोबर खेळातल्या विटांचा किल्ला पाठवते, डिसेंबरातल्या हनुक्काच्या सणाआत तो स्वतःच्या हातानं, एकही वीट शिल्लक न ठेवता बांधून फोटो पाठव, मी पुन्हा विषय काढणार नाही, नाही जमलं तर जानेवारीचं तिकीट. तर बाईसाहेब, फोटो सोबत जोडला आहे. किल्ला उभा आहे! फोटोतला किल्ला खोक्यावरच्या चित्राशी जुळत नाही हे तुला चष्म्याशिवायही दिसेल, आणि दिसल्या दिसल्या तू ‘हरलास’ म्हणशील, म्हणून झालेलं सगळं सांगतो.

खोक्यात एक हजार चारशे साठ विटा निघाल्या. वीट म्हणायची आपली पद्धत, नाहीतर काही काही तर तुरीच्या डाळीएवढ्या. इंग्लंडच्या कुठल्याशा राजानं सातशे वर्षांपूर्वी वेल्समध्ये बांधलेला आठ बुरुजांचा किल्ला, त्याची ही हुबेहूब नक्कल. बरोबर एक पुस्तिका, नुसत्या चित्रांची. चौतीस वर्षं मी ड्रॉइंग बोर्डावर नकाशे काढले, मला चित्रं दाखवणारा हा कोण, म्हणून पुस्तिका कपाटावर टाकली आणि पहिला बुरुज मनानं बांधला. आठ दिवस लागले. (अर्धा वेळ विटा उचलण्यात गेला आणि अर्धा त्या पलंगाखालून काढण्यात.) नवव्या दिवशी कळलं की बुरुजाचा जिना बाहेरच्या अंगाला आला आहे, म्हणजे शत्रूला चढायची उत्तम सोय. मी मुकाट्यानं स्टूल घेतलं आणि पुस्तिका खाली काढली.

त्या स्टुलाच्या आवाजानं गोदूबाई वर आल्या. या तळमजल्यावरच्या. नवरा महादेव. दोघांचा जन्म उरणला समुद्रावर गेला, आता होडी विकून मुलाकडे राहतात. मी पडलो असं वाटून धावत आलेली बाई विटा बघून थबकली आणि खाली जाऊन दोन सुपं घेऊन आली. तांदूळ निवडावेत तशा तिनं विटा निवडल्या. माझ्या घरातलं एकूण एक ताट, वाटी आणि परात त्यात गेली. तीन आठवडे मी पत्रावळीवर जेवलो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आपल्याकडे दिवाळीत मातीचा किल्ला केला नाही असा माणूस बिल्डिंगीत औषधाला सापडायचा नाही, त्यामुळे किल्ल्यातलं सगळ्यांनाच कळतं. महादेवानं भिंतीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “किल्ला झकास हाय, पन पानी कुटं हाय? येढा परला तं मानसां पिनार काय?” मी पुस्तिका चाळली. टाक्याचं कुठंच नाव नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंधतीबाई (शाळेत इतिहास शिकवायच्या, कर्नाळा तेवीस वेळा चढल्यात आणि ते विचारायची आपल्याला गरज पडत नाही) आल्या त्या दरवाजा बघून हळहळल्याच. दरवाजा समोरून सरळ दिसतो, म्हणजे शत्रूला आमंत्रणच की! दोन बुरुजांच्या कुशीत, वळणाआड लपलेलं गोमुख हवं. मला ते पटलं. राजा परका असला तरी किल्ला माझ्या घरात होता. दरवाजा उपटून वळवला.

राहिलं पाण्याचं टाकं. विटा जादा नाहीत, म्हणून काय पाडावं याचा शोध घेतला, तर राजाच्या खोलीतून भिंतीबाहेर लटकणारी एक कोठडी दिसली. तो संडास आहे, असं अरुंधतीबाई म्हणाल्या. तो पाडून त्याच्या एकोणीस विटांचं टाकं करावं असं ठरलं, आणि गोदूबाईंनी हात वर केले. “संडासाच्या इटांतलं पानी आमी नाय पिनार.” पिणार कोणीच नव्हतं, पण मुद्दा मलाही खटकला. आई पेसाखच्या सणाआधी भांडी उकळत्या पाण्यातून काढायची ते आठवत असेल तुला. मी म्हटलं त्यात काय, विटा कोशेर करू, शुद्ध होतील. पातेलंभर पाणी खळखळून उकळलं आणि एकोणीस विटा आत सोडल्या. झाऱ्यानं ढवळल्यासुद्धा.

जोकबेद, प्लास्टिक कोशेर होत नाही. विटा बाहेर आल्या त्या पार वाकड्यातिकड्या. कशात कशी बसेना.  तुझ्या अटीत एकही वीट शिल्लक राहायची नव्हती, आणि माझ्या डोळ्यांपुढे जानेवारीचं तिकीट नाचायला लागलं. खरं सांगतो, रडू आलं मला. महादेव उठला. खाली गेला, जाळं शिवायचा दोरा घेऊन आला आणि त्या वेड्याविद्र्या विटा एकीवर एक रचून कोळ्याच्या गाठींनी आवळत गेला. अरुंधतीबाई एकदम ओरडल्या, “अहो, हा तर कर्नाळ्याचा सुळका!” आणि खरोखरच होता! आमच्या गच्चीवरून दिसतो तसाच, अंगठ्यासारखा वर आलेला.

सुळका किल्ल्याच्या मधोमध बसवला. टाक्याला मुदपाकखान्याच्या चुलीच्या विटा लागल्या. (लोक उपाशी राहतील, तहानेनं मरणार नाहीत.) शुक्रवारी, २३ तारखेला, शब्बाथचा दिवा लावायच्या आधी एकच तुकडा उरला होता, निशाणाचा. सगळे मागे सरकले. मी तो उजव्या हातात धरला, अंगठा आणि बोट, दोघांत. दोनदा पडला. तिसऱ्यांदा सुळक्याच्या टोकाला टक्‌ करून बसला, आणि जिन्यापर्यंत उभ्या असलेल्या माणसांनी असा गलका केला की समोरच्या बिल्डिंगीतले लोक खिडकीत आले. मी जिंकलो, जोकबेद! आपल्या घराण्यात किल्ला सर करणारा मी पहिलाच.

शिमशोनरावांना शालोम, मुलांना पापे.

तुझा विजयी भाऊ,
एलिएझरदादा

ता. क. : एक हजार चारशे साठातल्या माझ्या उजव्या हातानं बसवलेल्या विटा एक्केचाळीस. डाव्या हाताच्या अडीचशेक. उरलेल्या महादेव आणि गोदूबाईंच्या. तुझी अट ‘स्वतःच्या हातानं’ अशी होती, तेव्हा वकिली केलीस तर मी हरलो. तशी वकिली करू नकोस.

आणखी ता. क. : आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. दुसरं खोकं पाठव, याहून मोठं. विटा निवडायच्या म्हणून गोदूबाईंना मी घराची किल्ली देऊन ठेवली होती. रोज सकाळी सातला त्या बेल न वाजवता आत येतात, मी उठलोय की नाही ते बघतात, चहा ठेवतात आणि किल्ल्यावरची धूळ पुसायला आले असं सांगतात. किल्ला पुरा होऊन नऊ दिवस झाले. धूळ काही नाही. त्यांनाही ते माहीत आहे, मलाही. निदान दोन हजार विटांचं तरी बघ, आणि लवकर पाठव.