एकशे एकोणीस पुस्तकं, सात कपाटं

शुक्रवार, दि. २०
सकाळी सव्वाअकरा

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक. हिचा गुडघा बरा आहे, जिना एकदा चढते, दोनदा नाही. तुझा चष्मा बदलून झाला का?

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आयुष्यभर वाचनालयात लोकांना गप्प बसवलंस, ती सवय जात नाही.

तू मोबाईलमध्ये घालून दिलेलं ते वाचनाचं अ‍ॅप मी किती नीट लावलंय, हे तू एकदा बघायला हवंस. एकूण पुस्तकं एकशे एकोणीस, सगळी बॉयलरची. कपाटं सात. व्याख्या पिवळ्या, नियम निळे, आकडेमोड हिरवी, धोक्याचं लाल. प्रत्येक खुणेला टीप, प्रत्येक टिपेला तारीख. नववीत शाळा सुटलेल्या माणसाचं हे काम आहे, ताई. कारखान्यात मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. सुरुवातीला चिडवायला म्हणत, आता सवयीने म्हणतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

मागे तू विचारलं होतंस, “कपाटंच लावतोस की वाचतोसही?” मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तेव्हा लाल रंगाच्या दोन छटा कराव्यात का, यावर माझा आठवडा गेला होता.

पहिल्या वर्गाच्या बॉयलर परीक्षेचं तुला सांगितलं ते असं, की पेपर उत्तम गेला. प्रत्यक्षात असं झालं. पहिला प्रश्न वाचला आणि लगेच ओळखला. कपाट तिसरं, पुस्तक चौथं, पान दोनशे बारा, खूण निळी. उजव्या पानावर, खालून दुसरा परिच्छेद. उत्तर कुठे आहे ते डोळ्यांसमोर लख्ख होतं. उत्तर काय, ते येईना. दुसऱ्याचंही तसंच. शेवटी कोरा कागद देववेना, म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहून आलो. तोंडी परीक्षेला त्या गृहस्थांनी माझी उत्तरपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “काका, तुम्ही बॉयलरच्या परीक्षेला आलात की ग्रंथपालाच्या?” शेजारचे दोघे हसले. मीही हसलो.

नापास झालो.

घरी येईपर्यंत सांगायचं ठरवलं होतं. दारातच ही म्हणाली, “झालं ना एकदाचं?” मी म्हटलं, झालं. तेवढा एकच शब्द मी बोललो, बाकीचं लोकांनीच पुरं केलं. तू तुझ्या मैत्रिणींना फोन केलेस. कारखान्यात टाळ्या वाजल्या. जुने इन्चार्ज तीस तारखेला निवृत्त होतात आणि एक तारखेपासून तिन्ही बॉयलर माझ्या नावावर. केबिनच्या दारावर माझी पाटीसुद्धा आतापासूनच लागली. प्रमाणपत्र छापून यायला वेळ लागतो, असं मी साहेबांना सांगितलंय. तीनदा त्यांच्याकडे खरं सांगायला गेलो. आत पाऊल टाकलं की ते खुर्चीतून उठतात. “या प्रोफेसर, तुमच्यासारखी माणसं हवीत.” मग मी बॉयलरच्या पाण्याची गाळणी बदलायची आठवण करून देऊन परत येतो.

इथवर लिहून चहा घेतला. आता जे लिहितोय ते हिलाही माहीत नाही.

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या बॉयलरच्या, पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेना. बावीस वर्षं मी हे काम करतोय. पाणी दिसेना की आधी जाळ बंद, तापलेल्या टाकीत गार पाणी सोडायचं नाही, नाहीतर बॉयलर फुटतो. हे मी कधी वाचलंच नव्हतं, हातालाच ठाऊक होतं. आणि मंगळवारी माझा हात कुठे गेला सांगू? खिशात. मी मोबाईल काढला. कपाट दुसरं, लाल खूण शोधत होतो. शोधत उभा होतो, ताई.

जाळ सांभाळणाऱ्या फायरमनने मला कोपराने ढकललं आणि जाळ बंद केला. “प्रोफेसर, पुस्तक नंतर वाचा की!” एवढंच म्हणाला. कुणाला बोलला नाही, उलट संध्याकाळी मलाच विचारत होता, “बरं वाटत नव्हतं का?” भिंतीपलीकडे रंगाच्या हौदांवर अकरा माणसं काम करत होती. मी मोजली.

आता काचेच्या केबिनमध्ये बसतो. बाहेरून सगळे हात करतात. मी आतून मान हलवतो. दाराला कडी नाही, तरी उठवत नाही.

हे पत्र मी दुपारी पेटीत टाकणार. एकदा टाकलं की परत काढता येत नाही, म्हणून पत्र. तुला मंगळवारपर्यंत मिळावं. सोमवारी मी चौथ्यांदा साहेबांकडे जाणार आहे. खरं बोललेलो असो की पुन्हा गाळणीवरच बोलून आलेलो असो, पत्र वाचून झाल्यावर तूच त्यांना फोन कर. मला आधी विचारू नकोस, मी तुला काहीतरी पटवून देईन. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. चौथा आकडा सात आहे, एक नाही. साहेब बारानंतर भेटतात.

माझी बाजू घेऊ नकोस. फक्त सांग, की एक तारखेला तिथे दुसरा माणूस बसवा.

तुझा,
अजून दुसऱ्याच वर्गाचा,
भाऊ