ल्युशसचा फोटो भिंतीवर लावण्याबाबत

मी, ओडेसा मे पिटमन, वय एक्क्याऐंशी, राहणार मेकन, जॉर्जिया, धंदा बायकांचे केस करण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

पहिले. माझे घर, पुढच्या खोलीतल्या पार्लरसह, मी आमच्या चर्चला देते. त्या खोलीत आठवड्यातून एकदा मनाच्या आजारांवर उपचार करणारे, आमच्याच काळ्या लोकांपैकी कोणी बसावे. येणाऱ्याकडून काही घेऊ नये. खुर्च्या हलवू नयेत. त्यांत मान मागे टाकून बायका जे बोलल्या, ते त्यांनी पाद्रीबुवांनाही सांगितलेले नाही.

दुसरे. याला एक अट आहे. फेब्रुवारी हा आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना. दर फेब्रुवारीत चर्चच्या भिंतीवर आपल्या माणसांचे फोटो लागतात. त्यांत माझा भाऊ ल्युशस नसतो. १९६० साली, आपल्याला बसू देत नसत अशा गोऱ्यांच्या उपाहारगृहात मुद्दाम जाऊन बसलेल्या पोरांत तो होता. त्याच्या डोक्यावर गरम कॉफी ओतली, तुरुंगात मारले. सुटून आल्यावर तो दिवसभर दाराकडे तोंड करून बसू लागला, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात वारला. फोटोंचे काम माझी धाकटी बहीण अर्नेस्टाइन बघते. लोक काय म्हणतील, म्हणून तिने त्याचा फोटो कधी लावलाच नाही. मला याचा राग आहे. तो फोटो लागावा, आणि खाली दोन्ही गोष्टी लिहाव्यात: तो तिथे बसला, आणि त्यानंतर त्याचे मन आजारी पडले. एक जरी गाळली तर घर चर्चला मिळणार नाही, विकून टाकावे.

तिसरे. केस सरळ करायचा लोखंडी कंगवा माझ्यासोबत पुरावा. वर कोणाचे केस कसे आहेत, कुणास ठाऊक.

चौथे. अर्नेस्टाइनचा नातू टेव्हिन नाताळापासून खोलीबाहेर येत नाही. ती म्हणते, प्रार्थना करा. करावीच. पाय मोडला तर आपण प्रार्थना करतो आणि प्लास्टरही घालतो. पुढच्या खोलीत पहिला मान त्याचा. आपल्या घरात असे कोणालाच झाले नव्हते, असे त्याला वाटते. त्याला ल्युशस दाखवावा.

पाचवे. आईची झुलती खुर्ची अर्नेस्टाइनला. त्या खुर्चीवर तिचा डोळा आहेच.

सहावे. हे कलम आज वकिलांकडे मसुदा वाचून झाल्यावर घातले आहे. मला गाडीतून अर्नेस्टाइननेच आणले होते.

"ताई, परक्या माणसासमोर घरातलं सगळं काढायलाच हवं होतं का?"

"अगं, लिहायचंय त्यालाच."

ती पर्स उघडत-मिटत राहिली. मग हळूच म्हणाली, "टेव्हिन काल दाराकडे तोंड करून बसला होता. अगदी आपल्या ल्युशससारखा." आणि वकिलांना, "साक्षीला मी सही करते."

"तुम्हाला खुर्ची मिळतेय ना," वकील म्हणाले. "वारसाने साक्ष दिली तर त्याचा वाटा जातो."

"मग खुर्ची काढून टाका."

"त्या खुर्चीपायी दोन वर्षं बोलली नव्हतीस माझ्याशी," मी म्हटले.

"माहितीये गं. पेन दे."

सबब पाचवे कलम रद्द. खुर्ची टेव्हिनला द्यावी. माझा राग मी कोणालाही ठेवून जात नाही.

मेकन, ता. ४ फेब्रुवारी २०१९

सही: ओडेसा मे पिटमन

साक्षीदार:
क्लिओटिस वॅरन, वकिलांचे कारकून
अर्नेस्टाइन पिटमन बोल्डन, ल्युशसची बहीण